मृत नव्हे, सुप्त

सांताक्रूझ पूर्वेला, वाकोल्याच्या बाजूला, जुन्या कुठल्याही सोसायटीत काही माणसं ठरलेली असतात. पार्किंगवरून भांडणारा एक, गणपतीचा हिशेब ठेवणारा एक, आणि एकच विषय घेऊन जन्म काढणारा एक. आमच्याकडे या तिसऱ्याचा विषय ज्वालामुखी. मुलं त्यांना लाव्हाकाका म्हणतात. तोंडावर म्हणतात, आणि काका खूश होतात.

काका भूशास्त्रज्ञ नव्हेत. बँकेत होते, कर्जविभागात. १९९१ च्या मे महिन्यात एलटीसी घेऊन अंदमानला गेले. मराठी माणूस तिथे जातो तो सावरकरांच्या कोठडीसाठी. काकांनीही हात जोडले, डोळे पुसले. तेवढ्यात गाइड बोलता बोलता म्हणाला, इथून एकशेचाळीसेक किलोमीटरवर बॅरन बेट आहे, आणि दीडशेहून जास्त वर्षं गप्प बसलेला तिथला ज्वालामुखी मार्चपासून पेटलाय. झालं! उरलेली सहल काकू एकट्याच हिंडल्या. काका ईशान्येकडे तोंड करून समुद्राकाठी उभे. तिथून बेट दिसत नाही. दिसलंही नाही. काकांनी तो ज्वालामुखी आजतागायत पाहिलेला नाही, आणि त्यावाचून त्यांचं काही अडलेलंही नाही.

बिघडलं ते आमचं. काकांची कालगणनाच बदलली. लिफ्ट बंद पडली की आम्ही शिव्या घालत जिने चढतो. काका दुसऱ्या मजल्यावर दम खात थांबलेले असतात. “बंद नाही हो, सुप्त म्हणा. बॅरनच्या उद्रेकाची पहिली नोंद १७८७ ची. १८०३-०४ मध्ये भडकला, मग निपचित. लोकांनी मेला म्हणून सोडून दिला होता!” लिफ्टवाला हे सगळं मान डोलावून ऐकतो. महिना उलटला तर त्याला यात आधारच सापडतो.

एका सर्वसाधारण सभेत गळतीचा विषय निघाला. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी मोबाइलवर बाथरूमच्या छताचे फोटो दाखवत होत्या. काकांनी सेक्रेटरींच्या हातातलं मिनिट बुक घेतलं आणि मेंटेनन्सच्या रजिस्टरखाली तिरकं सरकवायला सुरुवात केली. “हे आपलं भारतीय भूपट्ट. वरचं रजिस्टर म्हणजे छोटं बर्मा भूपट्ट. आपलं त्याच्याखाली घुसतंय. घुसताना समुद्रतळाचं पाणी बरोबर नेतंय. खोल गेल्यावर ते पाणी सुटतं, वरच्या तापलेल्या खडकात शिरतं, आणि एरवी वितळला नसता असा खडक वितळायला लागतो. त्याचाच पुढे लाव्हा. सगळं पाण्यामुळे, वहिनी!”

“तेच तर मी मघापासून सांगतेय,” वहिनी म्हणाल्या.

२००५ साल मात्र काकांनी अजून माफ केलेलं नाही. मे महिन्यात बॅरन पुन्हा जागा झाला. काकांना जरा रंग चढतोय तोवर २६ जुलै उजाडला. सांताक्रूझच्या वेधशाळेत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला, आणि तळमजल्यावरच्या प्रत्येकाकडे काकांपेक्षा मोठी गोष्ट आली. पुढची दोन वर्षं त्यांना श्रोता मिळाला नाही.

भरपाई झाली ती २०१७ मध्ये. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे लोक ‘सिंधू संकल्प’ जहाजावरून बॅरनजवळ समुद्रतळाचे नमुने काढत होते. २३ जानेवारीला त्यांच्या डोळ्यांदेखत डोंगराने राख ओकली. पाच-दहा मिनिटांचे छोटे झटके, दिवसा नुसता धूर, अंधार पडल्यावर लाल कारंजी. पथकाचे प्रमुख अभय मुधोळकर. आडनाव वाचलं मात्र, काका पेपर घेऊन चारही मजले फिरले. “आपला माणूस होता तिथे!” लिफ्ट तेव्हाही सुप्तच होती.

रविवारी काका मुलांना स्लो लोकलने अंधेरीला, गिल्बर्ट हिलवर नेतात. दोनशे फूट उंच काळ्या बेसॉल्टचा सुळका, उभ्या खांबांची जुडी बांधावी तसा, भोवती इमारतींची दाटी. वर गावदेवीचं देऊळ. “आपण सगळे लाव्हावरच राहतो,” असं काका अभिमानाने सांगतात. पण एखादं कार्टं विचारतंच, “काका, हा परत फुटेल?” मग काकांचा चेहरा उतरतो. आपल्याकडचं काम सहा कोटी वर्षांपूर्वीच आटपलं, हे कबूल करताना त्यांना घरातला मुलगा नापास झाल्यासारखं होतं. विषय बदलायला ते बॅरनवरच्या शेळ्यांकडे वळतात. बेटावर माणूस राहत नाही, पण रानटी झालेल्या शेळ्या आहेत. मुलांना ज्वालामुखीपेक्षा त्या जास्त आवडतात. खरं सांगायचं तर मलाही.

२०२५ च्या सप्टेंबरात, १३ आणि २० तारखेला, बॅरन पुन्हा धुमसला. काकांनी पेढे आणले. ऐन पितृपक्षात पेढे कसले वाटता, म्हणून काकूंनी डबा कपाटात कोंडला. घटस्थापनेला तो उघडला तेव्हा निम्मे पेढे कमी होते. काकांनी तपासाची मागणी केली नाही.

आता सोसायटी पुनर्विकासाला चाललीय. खडक तपासायला बिल्डरची माणसं कोपऱ्यात भोक पाडतात आणि निघालेले दगडाचे गोल तुकडे लाकडी पेटीत क्रमाने लावून ठेवतात. काका रोज तिथे. तुकडा उचलायचा, बोट थुंकीने ओलं करून त्यावर फिरवायचं, म्हणजे काळ्या दगडातले पांढरे स्फटिक उठून दिसतात. वाढीव कार्पेट एरिया, भाडं, कॉर्पस यांतलं काहीही न विचारता संमतीपत्रावर सही करणारे ते एकटेच. अट एकच: त्या पेट्या त्यांना मिळाव्यात. बिल्डरच्या वकिलाने कलम दोनदा वाचलं आणि विचारलं, यात काही मौल्यवान निघतं का?

“छे. बेसॉल्ट,” काका म्हणाले.

वकिलाने तरी करारात ‘फक्त दोन पेट्या’ असं घातलं.