बरोबरची खूण

शाळेतल्या आरोग्य योजना सगळ्या पोरांपर्यंत सारख्या पोचतात की नाही, हे मोजायला परवा एक पथक आमच्या गावात येऊन गेलं. साहेब, साहेबांचे सहायक, गाडीचा चालक आणि एक जाडजूड प्रपत्र. पेन तेवढं शाळेनं पुरवलं.

आमचं गाव बीड जिल्ह्यात, ऊसतोड्यांच्या पट्ट्यात. निरोप आदल्या रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर आला, ‘अत्यंत तातडीचे’ असा. हेडगुरुजींनी सकाळीच नळाला नवी तोटी बसवली आणि कपाटातून साबण काढला. १५ ऑक्टोबरच्या जागतिक हात धुवा दिनाला फोटोसाठी आणलेला तो साबण अजून वेष्टनातच होता.

“बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची गाडी येते का?” साहेबांनी विचारलं.

“येते की. २०१३ पासनं योजना आहे, वर्षाला एकदा येते. दोन डॉक्टर, नर्स, औषधवाले. वजन, उंची, डोळे, दात, सगळं बघतात.”

साहेबांनी बरोबरची खूण केली. गुरुजींना गप्प बसवेना. “पण साहेब, औंदा गाडी आली जानेवारीत. तेव्हा निम्मी शाळा उसाच्या फडावर होती. दिवाळी झाली की आईबापाच्या मागं पोरं जातात, ती गुढीपाडव्याच्या आसपास परत येतात.”

“हजर होती तेवढ्यांची झाली ना तपासणी?”

“झाली.”

“मग शंभर टक्के!”

गणित आम्हाला तिथं कळलं. जो हजर नाही तो पोटात जंत घेऊनही भागाकारात येत नाही. जंतनाशक मोहिमेची वर्षातली एक फेरी फेब्रुवारीच्या सुमारास असते, म्हणजे गळीत हंगाम ऐन भरात असताना. राहिलेल्या पोरांसाठी पुढच्याच आठवड्यात आणखी एक दिवस ठेवतात. त्या दिवशीही राहिलेली पोरं वाढे गोळा करत राहिलेलीच असतात. लोहाची गोळी तर दर आठवड्याची. आता पाच महिन्यांच्या गोळ्या एकदम कोणी गिळाव्यात, पोरांनी की रजिस्टरनं? रजिस्टरची प्रकृती मात्र उत्तम आहे.

मग खिचडी. इथं समता इतकी काटेकोर आहे की डोळे भरून येतात. पहिली ते पाचवीच्या पोराला १०० ग्रॅम तांदूळ, ४५० कॅलरी, १२ ग्रॅम प्रथिनं. मुंबईतलं असो की गडचिरोलीतलं, माप एकच. अंड्याचीही समता झाली. २०२३ मध्ये सरकारनं आठवड्याला एक अंडं देऊ केलं आणि जानेवारी २०२५ मध्ये सांगितलं की त्याला वेगळे पैसे मिळणार नाहीत, लोकसहभागातून बघा. म्हणजे ज्या गावात लोकांकडे आहे तिथं अंडं, ज्या गावात नाही तिथं नुसताच सहभाग.

“अंडी?” साहेबांनी विचारलं.

“निरंक,” गुरुजी म्हणाले. सरकारी मराठीत याहून सोज्वळ शब्द नाही. उपाशी म्हटलं की कोणाला तरी उत्तर द्यावं लागतं. निरंक म्हटलं की रकाना भरतो.

निघताना मी साहेबांना धीर करून विचारलं, “शहरातल्या मोठ्या शाळेत दाताचा डॉक्टर वेगळा, डोळ्याचा वेगळा, चष्मा लागला तर संध्याकाळी आईबाप दुकानात. आमच्याकडं ‘चष्मा लागेल’ अशी चिठ्ठी मिळते, ती दप्तरात फाटते. या दोन शाळा तुमच्या प्रपत्रात कशा दिसतात?”

“हुबेहूब,” साहेब अभिमानानं म्हणाले. “तपासणी झाली? तिकडं हो, इकडं हो. दोन्हीकडं बरोबरची खूण. बरोबरी म्हणतात ती हीच!”

खोटं कोणीच बोललं नव्हतं. गाडी आली होती, गोळ्या आल्या होत्या, खिचडी शिजली होती. प्रपत्रानं विचारलं ते ‘आलं का?’ एवढंच. ‘कोणापर्यंत पोचलं नाही?’ असा रकानाच त्यात नव्हता, आणि न्याय मोजायचा तर पहिला रकाना तोच हवा.

म्हणून साहेबांना एक विनंती. पुढच्या मोजणीला दिवाळीनंतर या आणि शाळेत थांबू नका, सरळ फडावर चला. पोरं कोपीपाशी सापडतील, धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन. येताना वजनकाटा आठवणीनं आणा. काटा कारखान्यावरही आहे, पण तो उसाचा. तिथं आईबापांनी तोडलेल्या उसाचं वजन गाडीगणिक होतं. त्याच बैलगाडीवर बसून आलेल्या पोराचं वजन त्या वर्षी कोणीच केलेलं नसतं.