बंब, गिझर आणि घाटावरचं पाणी

(रंगमंचावर तांब्याचा बंब. तो खांद्यावर टॉवेल टाकून येतो.)

कर्जतकर आलेत? खोपोलीकर? झालं तर मग, घाटाखालचे सगळे आपलेच.

आमच्या दहिवलीच्या घरात सध्या एकच वाद. अंघोळीचं पाणी तापवायचं कशावर?

आईचं मत, बंब. (उकिडवा बसतो.) आधी कालची राख जाळीतून खाली पाडायची. मग मधल्या नळकांड्यात नारळाच्या शेंड्या, त्यावर शेणीचा तुकडा, वर ढलप्या. आणि फुंकर! (खोकतो.) तांब्याला कळा येते, पण चिंच लावून घासल्यावर. ते कोण घासणार? आई म्हणते, “सून आहे की!” सून म्हणते, “गिझर आहेत की, बाजारात!”

गेलो दुकानात. “काका, इन्स्टंट की स्टोरेज? तीन लिटर, पंधरा, की पंचवीस? बोअरचं पाणी का? मग क्षार धरणार. स्टार किती हवेत?” एक माझा रक्तदाब तेवढा विचारायचा राहिला होता, तर म्हणतो, “प्रेशर किती आहे?”

चिरंजीव म्हणाले, “बाबा, सोलर!” अरे, जूनमध्ये ढग माथेरानला टेकले की सप्टेंबरपर्यंत उठायचं नाव नाही. गरम पाणी हवं नेमकं तेव्हा. मे महिन्यात गच्चीवरची टाकी तशीही फुकट चटके देते.

म्हटलं, विजेचा घेऊ. आपण विजेच्या माहेरचे! 1915 साली खोपोलीत, 1922 साली भिवपुरीत टाटांची वीजघरं सुरू झाली. घाटावरच्या धरणांचं पाणी नळांतून सुमारे 500 मीटर खाली, आणि वीज चालली मुंबईच्या गिरण्यांना. आपल्याला काय? वापरलेलं पाणी! खोपोलीचं पाताळगंगेत, भिवपुरीचं उल्हासात.

तर चिरंजीवांनी कागद घेतला. म्हणे, एक बादली पाणी घाटावरून खाली कोसळलं, तर त्याच्या विजेवर तीच बादली तापते किती? जेमतेम एक अंश! (प्रेक्षकांकडे बघत.) एक! म्हणजे वीस अंश तापवायला वीस बादल्या घाटावरून ढकला. आणि साहेब स्वतः शॉवरखाली अर्धा तास! तिकडे धरण आटायला आलं, तरी यांचं गाणं संपत नाही.

शेवटी हिने ठरवलं. पंधरा लिटरचा, दोन किलोवॅटचा स्टोरेज. वीसेक मिनिटांत कढत, खर्च पाऊण युनिटाच्या आत, गार पाणी मिसळून दोघांच्या अंघोळी. माणसं जास्त असतील तर पंचवीसचा घ्या, हौस म्हणून नको.

आणि हो, हसू नका आता. गॅसचा गिझर स्वस्त पडतो म्हणून बंद न्हाणीघरात बसवू नका. हवा कमी पडली की त्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला ना रंग ना वास. बंब निदान खोकायला तरी लावतो. हा माणसाला गुपचूप झोपवतो. गॅसचा घ्यायचाच असेल तर बाहेर, मोकळ्या हवेत लावा. आधीच आत लावलेला असेल तर उद्याच माणूस बोलवा.