चोक

चोक हा शब्द मराठी घरात पाहुणा म्हणून आला आणि बघता बघता घरचाच होऊन गेला. इंग्रजीत त्याचा मूळ धंदा गळा आवळण्याचा. आपल्याकडे मात्र तो निमूटपणे ट्यूबलाइटच्या पट्टीत जाऊन बसला, तांब्याच्या तारेचं वेटोळं पोटात घेऊन. तिन्हीसांजेला बटण दाबलं की ट्यूब दोन-चारदा लुकलुकायची, मग चोक तिला एक जोराचा धक्का द्यायचा आणि खोली उजळायची. पुढे रात्रभर हाच चोक विजेला आवर घालायचा, नाहीतर ट्यूब आपल्याच उत्साहात जळून गेली असती. त्याची बारीक गुणगुण ऐकत आम्ही पाढे म्हटले. ‘चोक गेला’ हे वाक्य आई अशा सुरात म्हणे, की शेजारच्या काकू ‘कधी?’ असं विचारतील असं वाटावं.

वडिलांच्या स्कूटरला दुसरा चोक होता. डिसेंबरच्या सकाळी ते कानटोपी घालून अंगणात उतरत, चोक ओढत, गाडी एका अंगाला अशी कलती करत की जणू तिच्या कानात काही सांगायचंय, आणि मग किक. हवेची वाट अडवायची आणि पेट्रोल जास्त पाजायचं, एवढंच त्या चोकचं काम. श्वास कोंडला की जागं होणारं हे यंत्र मला तेव्हा फार गूढ वाटे. पुढे नोकरीत मार्चअखेर पाहिला, आणि गूढ राहिलं नाही. चोक आत ढकलायचा विसरला तर गाडी धूर ओकायची, प्लग ओला व्हायचा, ‘ओव्हरफ्लो’ व्हायची. मग वडील प्लग काढून शर्टाच्या टोकाला पुसत. त्या टोकावरून घरात जे बोलणं व्हायचं, त्याला कसलाच चोक नसे.

मुंबईने या शब्दाला शेपूट लावलं आणि ‘चोकअप’ केलं. तिथे मोरी चोकअप होते, नाक चोकअप होतं आणि पावसाळ्यात अख्खं शहर. हिंदमाताचा भाग मुळात खोलगट. त्यात भरती आली की समुद्र आपलं दार लावून घेतो. नाल्यांनी पाणी न्यायचं तरी कुठे? २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा माणसं कमरेएवढ्या पाण्यातून चालत घरी गेली आणि अनोळखी दारांतून त्यांच्या हातात चहा-बिस्किटं आली. एरवी वाहत्या मुंबईत कोण कोणाकडे थांबतं?

क्रिकेटमधला चोक, म्हणजे ऐन मोक्याला कच खाणं, मात्र अगदीच निर्दय. १९९९ च्या विश्वचषकात एजबॅस्टनच्या उपांत्य सामन्यात तीन चेंडूंत एक धाव हवी असताना क्लूसनर पळाला आणि डोनाल्ड थबकला. सामना बरोबरीत सुटला, ऑस्ट्रेलिया अंतिम फेरीत गेली, आणि दक्षिण आफ्रिकेच्या कपाळावरचा ‘चोकर्स’ हा शिक्का आणखी गडद झाला. जून २०२५ मध्ये लॉर्ड्सवर बवुमाच्या संघाने कसोटीचं अजिंक्यपद जिंकलं, तेव्हा आमच्या सोसायटीतल्या ज्या आजोबांनी वर्षानुवर्षं त्यांना नावं ठेवली, तेच पेढे घेऊन आले. हरणाऱ्याची आपल्याला सवय होते. जिंकला की तो आपलाच वाटू लागतो.

इतकी कामं चोकला दिली, पण खुद्द गळ्याच्या कामाला आपण त्याला कधी लावलं नाही. तिथे ठसका लागतो. आई टाळूवर थापट्या मारत ‘वर बघ, वर बघ’ म्हणते, आणि आपण छतावरच्या पालीकडे बघत पुन्हा माणसात येतो. गळा दाटतो तोही आपल्याच भाषेत. फरक एवढाच, की घरातल्या पुरुषांना दाटलेला गळा कबूल करता येत नाही, ठसका येतो. बहिणीची पाठवणी झाली त्या संध्याकाळी गाडी वळणावरून दिसेनाशी झाली आणि वडील खोकू लागले. ‘पाणी आण रे, ठसका लागलाय,’ म्हणाले. मी आणलं. सकाळपासून त्यांनी तोंडात काही घातलं नव्हतं, हे तांब्या देताना आईने माझ्याकडे बघून नजरेनेच सांगितलं, आणि तिने त्यांच्या टाळूवर दोन थापट्या मारल्या.