डब्याला कुलूप लावाच

ऑफिसच्या फ्रिजमधून कुणाचा डबा फस्त झाला की आधी हशा पिकतो. ‘वहिनींच्या हाताला चवच तशी!’ म्हणून विषय मिटवला जातो. मला या हशाचा संताप येतो. जेवणाआधी अर्धा तास इन्शुलिन टोचून घेतलेला माणूस डबा उघडतो, आत खरकटं असतं आणि इकडे त्याची साखर घसरू लागलेली असते. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या मुलीच्या भाजीत कुणी ‘जरा चव बघतो’ म्हणत कूट लागलेला चमचा बुडवतो. यात हसण्यासारखं काय आहे? पहाटे उठून पोळ्या लाटणारीचे कष्ट तर कुणी हिशेबातच धरत नाही.

कुलपाचा विषय काढला की मुंबईच्या डबेवाल्यांचा दाखला हमखास मिळतो. महादू हावजी बच्चे यांनी १८९० मध्ये सुरू केलेल्या या व्यवसायात डब्याला कुलूप नाही, तरी डबा जागेवर पोचतो. खरंच आहे. पण का पोचतो? घरापासून स्टेशनपर्यंत, लोकलमध्ये आणि पुढे ऑफिसच्या दारापर्यंत तो दर टप्प्यावर कुणाच्या तरी हवाली असतो. झाकणावरच्या खुणा बघून तो उचलणारा माणूस त्याला जबाबदार असतो. सामायिक फ्रिजमध्ये शिरला की डबा बेवारस होतो. जिथे जबाबदार कुणीच नाही, तिथे कुलूप हवं.

आता डब्यासाठी कुलपाच्या, फोम भरलेल्या पिशव्या बनवणाऱ्यांकडे वळू. चेनचे दोन रनर एकमेकांना जोडून त्यात चिमुकलं कुलूप अडकवलं की काम झालं, असं त्यांना वाटतं. नायलॉनच्या चेनमध्ये बॉलपेनचं टोक खुपसून बघा. दात बाजूला होतात, पिशवी उघडते. डल्ला मारून झाला की तेच जोडलेले रनर या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायचे, चेन पूर्ववत बंद. कुलूप जागच्या जागी आणि मागमूस कुठेच नाही. उपाय साधा आहे. चेन संपते तिथे पिशवीच्या अंगाला पक्की कडी शिवा आणि कुलूप दोन्ही रनरांसकट त्या कडीतून जाऊ द्या. मग रनर हलत नाहीत आणि फाकवलेली चेन तशीच उघडी राहते. कटर घेऊन आलेल्याला कापडी पिशवी अडवणार नाही, हे मान्य. पण कुणी हात घातला असेल तर खाण्याआधी ते कळलं पाहिजे; ॲलर्जीवाल्या मुलीसाठी तर कुलपाचं हेच मुख्य काम. किल्ली हरवते, म्हणून आकड्यांचं कुलूप बरं. सोबत टेबलाच्या पायाला अडकवायला तारेचा फास द्या, नाहीतर अख्खी पिशवीच उचलून नेतील.

आतलं चंदेरी अस्तर शिवू नका. सुईच्या प्रत्येक भोकातून आमटी फोममध्ये उतरते आणि मग कितीही धुवा, वास जात नाही. सांधे उष्णतेने चिकटवलेलं, बाहेर काढून धुता येणारं अस्तर द्या.

आणि एक गोष्ट पिशवीवर ठळक छापा: गरम डबा या पिशवीत घालून, कुलूप लावून फ्रिजमध्ये ठेवू नका. फोम जशी आतली ऊब धरून ठेवतो, तशीच फ्रिजची थंडी आत येऊ देत नाही. अन्न ६० अंशांच्या वर किंवा ५ अंशांच्या खाली असेल तर ठीक. मधल्या पट्ट्यात जंतू वाढतात. भात त्यात सगळ्यात दगाबाज, कारण त्यातल्या जंतूंचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत. फ्रिजसाठी हवा खेळती ठेवणारा, कुलूप लागणारा जाळीचा डबा वेगळा बनवा. आपल्या आज्या दुधातुपासाठी जाळीचं कपाट वापरायच्या आणि त्याला कडी असायची. ही फोमची पिशवी ज्यांच्या वाट्याला फ्रिज येत नाही त्यांची.

आणि अशी माणसं फार आहेत. १९४८ च्या कारखाना कायद्याने दीडशेहून अधिक कामगार असतील तिथे जेवणाची खोली बंधनकारक केली. सोसायटीच्या गेटवरचा वॉचमन, रात्रपाळीची आया, कंत्राटी सफाई कामगार या आकड्यात बसत नाहीत. त्यांचा डबा खुर्चीखाली, मीटरच्या खोलीत, जिन्याच्या कोपऱ्यात ठेवलेला असतो. तिथे मुंग्या, मांजर आणि येणारेजाणारे, सगळ्यांना तो मोकळा. पिशवीची किंमत ठरवताना कंपन्यांनी आधी या माणसांचा पगार बघावा. आणि सोसायट्यांनी येत्या मीटिंगमध्ये गेटवरच्या केबिनसाठी कुलपाचा एक कप्पा मंजूर करावा. त्याला वास्तुविशारद लागत नाही, गल्लीतला फॅब्रिकेटर पुरतो.