देव रुसतात, पेठ चालते

शाहूपुरीत बहुतेक गल्ल्यांना नावं नाहीत, नंबर आहेत. पहिली गल्ली, दुसरी गल्ली, तिसरी गल्ली. शाहू महाराजांनी १८९५ साली ही व्यापारी पेठ वसवली तेव्हा मुख्य माल होता गूळ, आणि गुळाच्या व्यापाऱ्याला हिशेब सरळ लागतो. चारच वर्षांपूर्वी मिरजेहून रेल्वे आली होती. तेव्हा स्टेशनाला लागूनच पेठ मांडली, म्हणजे गुळाच्या रव्यांनी बैलगाडीतून उतरावं आणि फार न चालता मालगाडीत चढावं. जुन्या कोल्हापुराचं तसं नाही. तिथं पत्ता सांगायचा तर तिकटी, वेस, तालीम यांच्या साक्षी काढाव्या लागतात, आणि त्यातले काही साक्षीदार केव्हाच मयत झालेले असतात. गंगावेशीत उभं राहून वेस शोधणारा माणूस परगावचा समजावा.

गुळाचे सौदे आता शाहू मार्केट यार्डात होतात. कोल्हापुरी गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तोवर गूळ शाहूपुरीतून कधीच निघून गेला होता. मागे राहिली पंपांची, पाइपांची, मोटारींच्या सुट्या भागांची दुकानं, आणि लॉज. त्यातल्याच एका लॉजवर माझा मुक्काम होता. देवळं बघायला आलोय म्हटल्यावर मॅनेजरनं रजिस्टरातून मान वर केली.

“मग आधी मिसळ खावा.”

“आधी दर्शन, मग खाणं.”

“रांग मोठी असती पाव्हणं. उपाशी माणूस रांगेत तापतंय. आन तापलेली मंडळी हितल्या देवळांत आधीच लई हैत.”

ही तापलेली मंडळी कोण, याचा उलगडा व्हायला दुपार उजाडली. तूर्त मिसळ खाल्ली. इथं मिसळीबरोबर पाव मागितला की ब्रेडच्या जाड स्लाइस येतात. त्यावर वाद घालू नये. कट वाढणारा माणूस वाटी रिकामी होण्याची वाट बघत नाही. आपण श्वास घ्यायला थांबलो की ती संमती समजतो आणि ओततो.

देवदर्शनाची सुरुवात मात्र शाहूपुरीतच झाली, तीही नंबर न लागलेल्या कुंभार गल्लीत. आषाढ होता, त्यामुळे तिथं माणसांपेक्षा गणपती जास्त. काही रंगाविना पांढरेफटक, काही शाडूचे करडे, काही प्लास्टिकचा कागद पांघरून बसलेले. डोळे सगळ्यांत शेवटी रेखतात, म्हणून इतक्या गणपतींतला एकही आपल्याकडे बघत नाही आणि आपण उगाच मोकळेपणानं वावरतो. एका सोंडेवर कुणीतरी ओला टॉवेल वाळत घातला होता. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत पंचगंगेची फूग जयंती नाल्यातून या भागात शिरली, तेव्हा मूर्ती उचलून उंचावर न्यायची धावपळ उडाली होती. किरीट रंगवत बसलेल्या एका मावशींना विचारलं, “पाणी आलं की आधी कुठला गणपती उचलायचा?”

“ज्याचा ॲडव्हान्स आलाय त्यो,” त्या म्हणाल्या. ब्रश हलला नाही.

तिथून विल्सन पूल, लक्ष्मीपुरी, बिंदू चौक, भवानी मंडप. शाहूपुरीकडून जाणारा माणूस असा पूर्वेकडून देवळाशी पोचतो, आणि अंबाबाई पश्चिमेकडे तोंड करून उभी. म्हणजे मुंबईहून रात्रभर महालक्ष्मी एक्सप्रेसनं यायचं आणि नेमकं देवीच्या पाठीमागे उगवायचं. (गाडीचं नाव काहीही असो, गावात ‘अंबाबाई’च म्हणावं. महालक्ष्मी म्हटलं की रिक्षावाला आरशातून बघतो.)

तर तापलेली मंडळी. पहिला मान अर्थात अंबाबाईचा. भृगू ऋषींनी विष्णूच्या छातीवर लाथ मारली आणि विष्णूनं उलट त्यांचेच पाय चेपले, ही कथा घराघरात माहीत आहे. लक्ष्मीचं म्हणणं असं की छातीवर मी राहते, तेव्हा अपमान माझा झाला. माफी मागायची तर माझी मागा. आणि ती निघाली ती थेट करवीरात, म्हणजे कोल्हापुरात आली. माहेरी गेली नाही, स्वतंत्र बिऱ्हाड केलं. तिकडे विष्णू शोधत शोधत तिरुपतीला येऊन थांबला. आजही नवरात्रात तिरुपतीहून तिच्यासाठी शालू येतो. शालू ठेवून घेतला जातो. परत जाण्याचा विषय निघत नाही. गाभाऱ्यात पाहिलं तर कारण लक्षात येतं. चार हातांत म्हाळुंग, गदा, ढाल आणि पानपात्र. गदा आणि ढाल घेऊन उभ्या असलेल्या बाईची समजूत एका साडीवर कशी निघेल?

तिच्याशी गोडीनं वागतो तो फक्त सूर्य. ९, १०, ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी, १ व २ फेब्रुवारी या दिवसांत मावळतीची किरणं महाद्वारातून, गरुड मंडपातून आत येतात. एके दिवशी पायांशी, मग छातीशी, मग मुखावर. शेकडो वर्षांपूर्वी ज्यांनी ही दिशा साधली त्यांनी सूर्याचं गणित चोख मांडलं. कोल्हापूरकर पुढं महाद्वार रोडला मजले चढवतील, हे मात्र त्यांच्या गणितात नव्हतं. त्यामुळे किरणोत्सव जवळ आला की वाटेतल्या अडथळ्यांची मोजमापं निघतात, बैठका होतात, वर्तमानपत्रात बाणांच्या आकृत्या येतात. सूर्य आठ मिनिटांत पृथ्वीवर पोचतो. महाद्वार रोड ओलांडायला त्याला महापालिका लागते.

अंबाबाईवर रुसलेली एक आहेच: टेंबलाई, म्हणजे त्र्यंबोली. राक्षसानं देवांना बकरी करून ठेवलं होतं, तिनं त्यांना सोडवलं. विजयाचा सोहळा झाला आणि तिलाच आवतण द्यायचं राहून गेलं. ती उठली, गावाबाहेरच्या टेकडीवर जाऊन बसली, गावाकडे पाठ करून. ज्यांच्या घरात लग्नाची पत्रिका चुकलेली आहे त्यांना ही कथा समजावून सांगावी लागत नाही. इथं मात्र चूक कबूल करायची रीत पक्की आहे. दर ललिता पंचमीला अंबाबाईची पालखी, म्हणजे स्वतः रुसून आलेली बाई, दुसरीचा रुसवा काढायला टेकडीवर जाते. सोबत तुळजाभवानीची पालखी, लवाजमा, आणि कोल्हासुराच्या वधाची आठवण म्हणून फोडायचा कोहळा. कुमारिकेच्या हातून कोहळा फुटला की त्याच्या तुकड्यासाठी जी झुंबड उडते, तिच्यातून सुखरूप बाहेर येणाऱ्याला तालमीत वेगळी परीक्षा द्यावी लागू नये.

आषाढात तर मंगळवार-शुक्रवार धरून गल्लोगल्लीची माणसं नदीचं नवं पाणी कलशातून टेंबलाईला नेतात. पुढं पी ढबाक वाजत असतं. हे वाद्य ऐकूनच कळतं की त्याला दुसरं नाव देणं शक्य नव्हतं. पावसात भिजत मी एका मिरवणुकीच्या कडेनं चाललो होतो, तर एका आजींनी माझ्या डोक्यावर छत्री धरली आणि कडेवरचं नातवंड माझ्याकडे दिलं. ते परत मिळवायला त्यांना घाई नव्हती.

इथं एक फरक नोंदवायला हवा. वेदोक्ताच्या प्रकरणात, म्हणजे राजघराण्याचे विधी वेदमंत्रांनी करायचे की नाहीत यावरून, शाहू महाराजांचं पुरोहितांशी वाजलं, तो रुसवा नव्हता. ते भांडण होतं, आणि राजोपाध्यांचं वतन खालसा झालं तेव्हा ते किती खरं होतं हे सगळ्यांना कळलं. पालखी पाठवून मिटतात ती भांडणं वेगळी.

कपिलतीर्थाच्या मंडईत कपिलेश्वर आहे. तिथं घंटा आणि मेथीचा भाव एकाच वेळी ऐकू येतो, आणि देवाला त्यातलं काय नकोसं होत असेल हे ठरवणं कठीण. जवळच बिनखांबी गणेश. सभामंडपाला आत एकही खांब नाही, हीच त्याची ख्याती. बाहेर फुलं विकणाऱ्या मामांना त्याचं कारण विचारलं. “खांब असता तर कुणीतरी टेकून बसला असता. मग चार जण बसले असते. मग कुणीतरी च्याची टपरी टाकली असती.” संध्याकाळी दूध कट्ट्यावर म्हैस समोर पिळून पेला हातात देतात. पेला खाली ठेवायची सोय नाही, आणि मागं पैलवान उभे असतात, त्यामुळे तो संपतो.

परतीच्या वाटेवर शाहूपुरीत गुळाच्या एका जुन्या, उरल्यासुरल्या दुकानाशी थांबलो. रवा हाताला लागला की घ्यावासा वाटतो, उचलला की वाटत नाही. दुकानदार अण्णा तो पोत्यात बांधत होते. स्टेशनाकडून भोंगा ऐकू आला.

“हरिप्रिया,” अण्णा म्हणाले. “तिरुपतीची गाडी. रोज हाय.”

हरिप्रिया म्हणजे लक्ष्मीच. तिच्या नावाची गाडी तिच्या दारातून रोज नवऱ्याच्या गावी जाते आणि ती इथंच. मी अण्णांना म्हटलं, “एवढी सोय रेल्वेनं करून दिली, तरी देवी जात नाही ती नाहीच.”

अण्णांनी सुतळी दातांनी तोडली.

“तिनं का जावं? त्येनं यावं की. गाडी तिकडनं बी सुटतीय.”