स्थळाची चौकशी

आमच्या फॅमिली ग्रुपवर दर चार-सहा महिन्यांनी एक मार्शमेलो उगवतो. लहान मुलासमोर तो ठेवतात, 'मी येईपर्यंत थांबलास तर दोन देईन' असं सांगून खोलीतून निघून जातात, आणि जो थांबतो तो पुढे आयुष्यात चमकतो. खाली काकांची टीप असते, "हल्लीच्या मुलांना संयमच नाही." हल्लीची मुलं म्हणजे माझा मुलगा, हे साऱ्या ग्रुपला कळतं. तेव्हा मूळ शोधनिबंध मी काही ज्ञानलालसेने उघडला नाही.

शोधनिबंध वाचणं म्हणजे स्थळाची चौकशी. सुरुवातीचा सारांश हा बायोडेटा : मुलगा सुस्वभावी, निर्व्यसनी, घरचं सगळं छान. खरं काय ते शेजारच्या काकू सांगतात. निबंधातल्या या काकू म्हणजे 'पद्धत' नावाचा रुक्ष भाग. तो ओलांडून सगळे थेट निष्कर्षाच्या जेवणावळीत जाऊन बसतात.

वॉल्टर मिशेल यांचे मूळ प्रयोग स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या आवारातल्या बालवाडीत झाले. म्हणजे मुलं बरीचशी विद्यापीठातल्याच लोकांची. पुढे 1990 साली त्या मुलांच्या कॉलेजप्रवेश-परीक्षेच्या गुणांशी संयमाचा जो गाजलेला संबंध जोडला गेला, त्यातली मुलं होती 35. आमच्या मुंजीत याहून जास्त पोरं पंगतीला होती! नमुना लहान आहे, जपून बोला, असं खुद्द मिशेल आणि मंडळींनीच लिहून ठेवलं होतं. पण जपून बोलणं फॉरवर्ड कोण करणार?

2018 मध्ये टायलर वॉट्स आणि सहकाऱ्यांनी 918 मुलांची माहिती तपासली. संबंध निघाला, पण निम्माच. आणि घरची परिस्थिती, आईचं शिक्षण वगैरे हिशेबात धरल्यावर तोही बराचसा विरघळला. त्याआधी सेलेस्ट किड यांनी 28 मुलांवर एक खोडकर प्रयोग केला होता. काही मुलांना आधी 'चांगले रंग आणून देते' म्हणून सांगायचं आणि हात हलवत परत यायचं. ज्यांना रंग मिळाले ती मुलं मार्शमेलोपुढे सरासरी 12 मिनिटं थांबली, फसलेली फक्त 3. पोरं व्यवहारी हो! (इथेही मुलं 28च होती. पण निष्कर्ष माझ्या मुलाच्या बाजूचा असल्याने तेव्हा मला ते खुपलं नाही.)

कधीकधी काकूही गप्प बसतात. त्या गप्प बसल्या तर काय होतं, हे सिमन्स, नेल्सन आणि सिमन्सोन यांनी 2011 मध्ये मुद्दाम करून दाखवलं. भरपूर गोष्टी मोजायच्या, मनासारखं उत्तर येईपर्यंत माणसं वाढवायची आणि जमलं तेवढंच छापायचं. या रीतीने त्यांनी सिद्ध केलं, की बीटल्सचं एक गाणं ऐकल्यावर माणूस सुमारे दीड वर्षाने लहान होतो. गाणं ऐकून तरुण वाटतं असं नव्हे. वयच कमी होतं. आकडेमोडीत एक चूक नाही.

हे सगळं मी काकांना रविवारी दुपारी तासभर समजावलं. ते शांतपणे ऐकत होते. शेवटी म्हणाले, "म्हणजे संयम नकोच म्हणतोस?"

परवा 2022चा एक निबंध हाती लागला. जपानी मुलं खाऊसाठी जास्त थांबतात आणि भेटवस्तूचं वेष्टन पटकन फाडतात. अमेरिकन मुलांचं नेमकं उलटं. जिथे सगळ्यांची पानं वाढेपर्यंत हात आवरायचा, तिथल्या मुलांना खाऊपुढे थांबायची सवयच असते, असा त्याचा सूर. मला एकदम स्वयंपाकघरातल्या उकडीच्या मोदकांचा वास आला. नैवेद्य दाखवून होईपर्यंत एकाही मोदकाला बोट लावायची आमची टाप नव्हती. त्या हिशेबाने आमच्या आळीतली सगळी पोरं स्टॅनफर्डला जायला हवी होती!

निबंध ताबडतोब ग्रुपवर टाकला. काकांनी अंगठा दिला. मग मी पद्धतीचं पान उघडलं.