चांद्र काडेपेटीविचार

काडेपेटीच्या स्थानाचा प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक वाटतो, आणि खोलात शिरल्यावरही तो क्षुल्लकच राहतो. पण लोणावळ्यापासून कर्जतपर्यंतच्या रिसॉर्टांमध्ये दरवर्षी पगारदार, सुशिक्षित माणसे त्यावरून आवाज चढवून भांडत असतील, तर शास्त्राने त्याची दखल घेणे भाग आहे.

मूळ प्रश्न असा. तुमचे यान चंद्राच्या उजेडाकडच्या बाजूला, मुख्य यानापासून २०० मैलांवर आदळले आहे. पंधरा वस्तू शाबूत राहिल्या आहेत. त्या महत्त्वानुसार लावा. आधी एकेकट्याने, मग गटाने. हा खेळ अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जे हॉल यांचा. नोव्हेंबर १९७१मध्ये तो ‘सायकॉलॉजी टुडे’ मासिकात आला आणि तेथून जगभरच्या प्रशिक्षकांच्या झेरॉक्स प्रतींमध्ये शिरला. उत्तरे नासाची म्हणून दिली जातात. ऑक्सिजनच्या टाक्या पहिल्या, पाणी दुसरे, ताऱ्यांचा नकाशा तिसरा. होकायंत्र चौदावे, कारण चंद्राला दिशा दाखवण्याजोगे चुंबकीय क्षेत्र नाही. आणि सर्वांत शेवटी काडेपेटी, कारण तेथे ज्योत जगवायला हवा नाही.

(२०० मैल म्हणजे सुमारे ३२० किलोमीटर. १९७२ साली अपोलो १७च्या अंतराळवीरांकडे चंद्रावर चालवायची गाडी होती, तरी ते आपल्या यानापासून आठ किलोमीटरही लांब गेले नाहीत. आमचे लोक बुफे झाल्यावर पायी निघणार असतात.)

काडेपेटीवर झालेल्या या निवाड्याविषयी एक सूक्ष्म शंका उपस्थित होते. काडीच्या गुलात पोटॅशियम क्लोरेट असते, म्हणजे गुल आपला ऑक्सिजन बरोबरच घेऊन आलेला असतो. त्यामुळे शिवकाशीची काडी चंद्रावर ओढली तर क्षणभर भडकेल. विझेल ती लाकडाशी आल्यावर. पूर्वाचार्यांनी हा क्षण हिशेबात धरलेला दिसत नाही. क्रमांक त्याने बदलत नाही, हे मान्य. पण ‘अजिबात पेटणार नाही’ असे छातीठोकपणे सांगणाऱ्या प्रशिक्षकाला चहाच्या सुट्टीत गाठून हे ऐकवणे अभ्यासकाचे कर्तव्य ठरते.

तुलनेसाठी वाळवंट शाखेकडे धावता दृष्टिक्षेप टाकू. क्लेटन लॅफर्टी यांच्या त्या खेळात विमान वाळवंटात कोसळते. तेथे पहिला मान आरशाला, कारण त्याच्या चकाकीने शोधपथकाला खूण करता येते, आणि शेवटचा मिठाच्या गोळ्यांना. व्होडका चौदावी. या निकालावर आमच्या विक्री विभागाने नोंदवलेला निषेध येथे विस्तारभयास्तव गाळला आहे.

आता मुख्य सिद्धान्त. गटाचा स्वभाव पहिल्या क्रमांकावर कळत नाही, तो तेराव्याच्या आसपास कळतो. ऑक्सिजनवर कोण भांडणार? शिवाय वरचे तीन-चार क्रमांक साहेबच सांगतात आणि मंडळी ‘बरोबर आहे सर’ म्हणून पेन्सिल चालवतात. हॉल यांचे नियम याच्या नेमके उलट आहेत: मतदान नको, सरासरी नको, नाणेफेक नको, ‘आमचा दोर वर घ्या, आम्ही तुमचा तराफा वर घेतो’ असली देवघेव नको, केवळ वाद टाळण्यासाठी माघारही नको, आणि एकमत फार चटकन झाले तर संशय घ्या. ज्या गटांना अशा सूचना दिल्या त्यांचे निर्णय सूचना न दिलेल्यांपेक्षा सरस ठरले, असे हॉल यांना आढळले. वरील यादी आपल्या कोणत्याही हाउसिंग सोसायटीच्या सभेला लावली तर निर्णय घेण्याचे एकही परिचित साधन शिल्लक राहत नाही. पण तळाच्या क्रमांकांशी साहेबांना देणेघेणे नसते. ते फोन घ्यायला बाहेर जातात, आणि इतका वेळ गप्प बसलेली माणसे तेथे तोंड उघडतात.

उदाहरणार्थ चहापक्ष. हा पक्ष मी जवळजवळ प्रत्येक गटात पाहिला आहे. यादीत पाणी आहे, दूधपावडर आहे (बारावी), शेगडीवजा हीटर आहे (तेरावा, कारण उजेडाच्या बाजूला थंडीचा प्रश्नच नाही) आणि काडेपेटी आहे. चारही एकत्र वर घ्या, असे या पक्षाचे म्हणणे. अकाउंट्समधले काका, सकाळपासून एक शब्द न बोललेले, अशाच वेळी चष्मा सावरत विचारतात, “अहो पण, चहाची पावडर कुठंय यात?” नसते. साखरही नसते. क्षणात पक्ष फुटतो, दूधपावडर खाली घसरते, आणि गटाचा त्या दुपारचा पहिला खरा निर्णय लागतो. तोही अचूक.

उरतो गुणांकनाचा प्रश्न, आणि माझ्या मते हा सगळ्यांत नाजूक भाग आहे. पंधरा वस्तू लावण्याच्या तऱ्हा १,३०,७६७ कोटींहून अधिक. प्रत्येक वस्तूचा तुमचा क्रमांक आणि तज्ज्ञांचा क्रमांक यांतला फरक काढायचा आणि सगळे फरक मिळवायचे. बेरीज शून्य म्हणजे परिपूर्ण. जास्तीत जास्त ११२. आता असा गट घ्या ज्याने काडेपेटी पहिली ठेवली, ऑक्सिजन पंधरावा, आणि मधल्या तेरा वस्तू बिनचूक लावल्या. फरक १४ अधिक १४, म्हणजे २८. प्रचलित गुणपत्रिकेत २६ ते ३२ ही श्रेणी ‘चांगले’ अशी आहे. गट गुदमरला, पण चांगला गुदमरला.

उलट दुसरा गट पाहा. त्याने ऑक्सिजन पहिला आणि पाणी दुसरे ठेवले, फक्त पुढचे तेरा क्रमांक बरोबर उलटे लावले. या गटाला नकाशा सापडणार नाही हे खरे, पण निदान श्वास चालू आहे. त्याची बेरीज ८४. सत्तरच्या वर गेलेल्यांसाठी त्याच गुणपत्रिकेत शेरा छापलेला आहे: अत्यंत निकृष्ट, आणि बनवाबनवीचा किंवा पृथ्वीवरचा तर्क वापरल्याचा संशय. अपिलाची तरतूद नाही.